मदत हवी आहे: उरलेल्या लोकरीची कानटोपी
उरलेल्या लोकरीचे लहानमोठे गुंडे वापरून, तयार नमुना न घेता, मी वडिलांसाठी क्रोशाची कानटोपी स्वतः बेतते आहे. 12 खांबांनी (क्रोशाच्या उंच टाक्यांनी) आरंभ करून प्रत्येक फेरीत 12 खांब वाढवले आणि 56 सेंटीमीटर घेराच्या डोक्यासाठी माथ्याची चकती 17 सेंटीमीटर व्यासाची झाल्यावर वाढ थांबवली. तोवर ती अगदी सपाट बसत होती. मात्र जाड निळ्या लोकरीला बारीक पिवळी जोडताच खांब आखूड झाले आणि कड आत ओढली गेली. बारीक लोकर दुपदरी घ्यावी, की त्या फेरीत खांब वाढवावेत? शिवाय निळी शुद्ध लोकर गरम पाण्यात आटेल, पिवळी अ‍ॅक्रिलिक आटणार नाही. मग त्या एकत्र विणाव्यात का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.