निकाहासाठी धर्म बदलला की माहेरच्या मालमत्तेतला वाटा जातो का?

सह्यवारा: हिंदू मुलगी निकाहाआधी इस्लाम स्वीकारणार आहे. भाऊ म्हणतात, धर्म बदललास की वाटा संपला. खरं आहे का? आणि पुढे ती हिंदू धर्मात परतली तर निकाहाचं काय?

ओसरी: भावांचं म्हणणं साफ चूक. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 चं कलम 26 धर्म बदलणाऱ्याला अपात्र ठरवत नाही. ते अडवतं धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना, तेही वारसा उघडताना, म्हणजे मालमत्तेचा मालक वारला तेव्हा, ती मुलं हिंदू नसतील तरच. इस्लाम स्वीकारलेल्या मुलीचा वडिलांच्या मालमत्तेवरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केला आहे. खरी मेख पुढच्या पिढीत: मुलगी वडिलांआधी वारली तर तिच्या अशा मुलांना आजोबांकडून वारशाने काही मिळत नाही. म्हणून आजोबांनी मृत्युपत्रात नातवंडांची नावं घालावीत.

घोळ होतो तो फेरफारात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीतली नावं बदलताना. वारस लावताना बहिणीचं नावच सांगत नाहीत. नोटिशीच्या 15 दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या. हक्कसोडपत्रावर दबावाखाली सही नको.

काझीगल्ली: परतीबद्दल. मुस्लिम विवाहविच्छेद कायदा, 1939 च्या कलम 4 नुसार पत्नीने इस्लाम सोडला म्हणून निकाह आपोआप तुटत नाही. पण त्याच कलमाला परंतुक आहे: दुसऱ्या धर्मातून आलेली स्त्री मूळ धर्मात परतली तर हे संरक्षण लागू नाही, तिला जुना नियम लागतो आणि निकाह संपतो. तरी दुसरं लग्न करण्याआधी न्यायालयाकडून तसं घोषित करून घ्यावं, नाहीतर द्विविवाहाची फिर्याद मागे लागू शकते. मेहेरचा (निकाहात पतीने पत्नीला द्यायची ठरलेली रक्कम) हक्क मात्र कलम 5 मुळे शाबूत राहतो.

दौतलेखणी: श्रद्धेने धर्म बदलत असेल तर तो तिचा निर्णय. फक्त लग्नासाठी असेल तर विशेष विवाह कायदा, 1954 वापरा. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात 30 दिवस वास्तव्य, नोटीस, हरकतींसाठी आणखी 30 दिवस, मग तीन साक्षीदार. धर्म न बदलता नुसता निकाह केला तर तो फासिद, म्हणजे अनियमित: 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे मुलं औरस आणि वारस, पण पत्नीला मेहेर मिळतो, पतीचा वारसा नाही.

सह्यवारा: निकाह आधीच झालेला असेल तर?

दौतलेखणी: दोघं एकत्र राहत असतील तर विशेष विवाह कायद्याच्याच कलम 15 खाली नोंदणी करता येते, तिथेही 30 दिवसांची नोटीस लागते. त्यानंतर वारसा 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो: मुलं असताना विधवेला एक तृतीयांश. मुस्लिम कायद्यात तोच वाटा एक अष्टमांश असतो.