शब्दचर्चा: ‘प्रॉम्प्ट’ला काय म्हणावं?

परभणीकर: चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, आता आमच्या शिक्षकांच्या गटात दुसरी गोष्टच नाही. त्या यंत्राला काम सांगायला आपण जो मजकूर लिहितो, तो ‘प्रॉम्प्ट’. ‘हा प्रॉम्प्ट टाकून बघा’, ‘तुमचा प्रॉम्प्ट पाठवा की सर’. शब्द पुल्लिंगी झाला, अनेकवचनातही तसाच राहिला. मराठीत काय म्हणावं? ‘आज्ञा’ चालेल?

लातूरची: नको. ‘आज्ञावली’ हा शब्द संगणकाच्या प्रोग्रामसाठी आधीच वापरतात, घोळ होईल. ‘सूचना’ तर फळ्यावर डकवलेली वाटते.

परभणीकर: मग ‘फर्माईश’? निजामाच्या राज्यातले आपण, शब्द परका नाही.

लातूरची: गाणं, चित्र मागायला शोभेल. हजेरीचा तक्ता करून दे, ही कसली फर्माईश दादा!

पैठणकर: यंत्र करतं काय ते बघा. दिलेल्या मजकुरापुढे कोणता शब्द यावा याचा अंदाज बांधत ते लिहीत जातं. आपण ओळ द्यायची, त्यानं पुढं न्यायची. हा खेळ आपल्याला जुनाच. तरही मुशायऱ्यात एक मिसरा, म्हणजे शेरातली एक ओळ, आधी ठरवून देतात, त्याच्याच वृत्तात, काफिया-रदीफ (यमक आणि त्यामागून येणारे तेच ते शब्द) सांभाळून शायर गझल रचतात. १८व्या शतकातले शायर सिराज औरंगाबादी यांचा मुलूख हा, ‘मिसरा’ इथं कुणाला समजावून सांगायला नको. संस्कृतात आणि मराठीत समस्यापूर्ती होती. एक चरण द्यायचा, श्लोक कवीनं पुरा करायचा. दिलेल्या चरणाला ‘समस्या’ म्हणत. अर्थानं नेमका शब्द हाच. पण आज ‘तुमची समस्या पाठवा’ म्हटलं, तर लोक पीकविम्याचे कागद पाठवतील.

लातूरची: 😄 मिसरा गोड आहे, पण आमच्या कामाला ‘नमुना’ जास्त लागतो. ‘मराठवाडी बोलीत संवाद लिही’ एवढंच सांगितलं की यंत्र सिनेमातलं गावरान लिहितं, सगळीकडं ‘लई’ आणि ‘व्हय’. ‘काय करायलास?’, ‘कुठं चाललास?’ असली चार वाक्यं नमुन्याला घातली की बरंच वळणावर येतं. प्रॉम्प्ट दुसऱ्याला देताना हे नमुने गाळू नका, खरी करामत त्यांचीच.

परभणीकर: म्हणजे प्रॉम्प्ट राहू द्यायचा, त्यातल्या भागांना आपली नावं द्यायची. पण ‘प्रॉम्प्टमध्ये’ की ‘प्रॉम्प्टात’?

पैठणकर: प्रॉम्प्टात. कोर्टात, बँकेत म्हणतोच की.