नातेवाईकांची यादी संपल्यावर काय?

विमा एजंट झालं की आधी नातेवाईकांनाच पॉलिसी विकाव्यात, असा सल्ला नव्या एजंटांना दिला जातो. मीही तेच केलं. दोन-तीन महिन्यांत यादी संपली, आणि मी दिसलो की लोकांना अचानक फोन यायला लागले!

आयुर्विम्यात पहिल्या वर्षाचं कमिशन सहसा मोठं, पुढचं लहान. पण हप्ते चालू राहिले तरच ते येत राहतं. भिडेखातर घेतलेली पॉलिसी अनेकदा दुसऱ्या वर्षीच बंद पडते. म्हणून आता आधी विचारतो, तुमच्यावर कोण अवलंबून आहे, कर्ज किती. अर्जातला आजारांचा रकाना तर ग्राहकाच्या शेजारी बसूनच भरतो. "बीपीची गोळी? ती काय सांगायची!" म्हणणारे हमखास भेटतात. लपवलेली तीच गोळी पुढे क्लेम अडवू शकते.

आणि हो, सुरुवातीच्या काही महिन्यांच्या घरखर्चाची सोय आधीच करून ठेवा.