ट्यूशनच्या तासांचा कोएफिशिएंट उणे येतोय, काय करू?

रावपुऱ्याची:
नमस्कार मंडळी. मी बडोद्यात एम.ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. यंदा अप्लाइड इकॉनोमेट्रिक्सचा पेपर आहे आणि त्यात छोटं प्रोजेक्ट सक्तीचं. आमच्याकडे वाडी, रावपुरा, दांडिया बाजार, कुठेही जा, जिन्यापाशी ट्यूशनची पाटी असतेच. म्हणून विषय घेतला: ट्यूशनने दहावीचे टक्के वाढतात का? ओळखीपाळखीतून पाच शाळांमधल्या, बोर्डाची परीक्षा दिलेल्या १३२ मुलांची माहिती गोळा केली. टक्के, आठवड्याला ट्यूशनचे तास, आईवडिलांचं शिक्षण, घरचं उत्पन्न (हे आपलं अंदाजे, खरं कोणी सांगत नाही, दुकानवाले तर मुळीच नाही).

ग्रेटल या सॉफ्टवेअरमध्ये रिग्रेशन चालवलं, म्हणजे कशाबरोबर टक्के किती बदलतात ते काढलं. तासांचा कोएफिशिएंट (एका तासामागे टक्क्यांतला फरक) −१.३, स्टँडर्ड एरर (त्या आकड्यातली अनिश्चितता) ०.५. म्हणजे आठवड्याला एक तास ट्यूशन जास्त, तर टक्के सव्वाने कमी! सर म्हणाले, "कंट्रोल, म्हणजे सोबत धरायच्या बाकीच्या गोष्टी, कमी पडलेत. उत्पन्न आणि आईवडिलांचं शिक्षण टाक, चिन्ह सरळ होईल." टाकलं, तर −१.७ झालं. आर-स्क्वेअर (टक्क्यांतल्या चढउतारांपैकी मॉडेलने समजावलेला वाटा) ०.१६, त्यावरही सरांनी नाक मुरडलं. एन्ट्री परत तपासल्या, बरोबर आहेत. आई म्हणते, "बरोबरच आहे, तुझ्या भावाच्या ट्यूशनचे पैसे पाण्यातच गेले होते." पण असं लिहून द्यायची मला भीती वाटते. कंट्रोल टाकल्यावर आकडा आणखी खाली का गेला, कोणी समजावेल का?

लीलो_चिवडो:
आर-स्क्वेअरचं मनावर घेऊ नकोस. माणसांच्या सर्वेक्षणात ०.१६ काही वाईट नाही. जीडीपीसारख्या सालवार आकड्यांत ०.९८ येतो, कारण दोन्ही रेषा वरच चढत असतात, त्यात मॉडेलची कर्तबगारी काही नसते. उणे चिन्हासाठी लॉग घेऊन बघ, नाहीतर दोनचार आउटलायर (बाकीच्यांपासून फार दूर पडलेली मुलं) काढून टाक.

मकरपुरा_शिफ्ट:
लॉगने काही होणार नाही, आणि आउटलायर तर अजिबात काढू नकोस. चिन्ह आवडलं नाही म्हणून मुलं वगळायची, ही सवय लागली की सुटत नाही. मी औषध कंपनीत आकडेवारीचं काम करतो. तिथे असं केलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.

तुझा −१.३ चुकलेला नाही. फक्त तो तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही. जास्त तास ट्यूशनला जाणारी मुलं कमी टक्के मिळवतात, एवढंच तो सांगतो, आणि ते अगदी खरं असणार. ट्यूशनचे तास मुलांना कोणी सोडतीने वाटले नव्हते. गणितात गटांगळ्या खाणाऱ्याला घरचे सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे पाठवतात, आणि जो आपलं आपण करतो त्याच्या मागे कोणी लागत नाही.

आता कंट्रोलचं. मॉडेलबाहेर राहिलेली गोष्ट आकड्याला कुठल्या बाजूला ओढते, हे दोन चिन्हांच्या गुणाकारावरून कळतं. एक, ती गोष्ट टक्क्यांवर कसा परिणाम करते. दोन, ती ट्यूशनच्या तासांबरोबर कशी हलते. उत्पन्न घे: घरात पैसा असेल तर टक्के जास्त आणि ट्यूशनही जास्त. अधिक गुणिले अधिक, म्हणजे उत्पन्न बाहेर होतं तोवर तुझा आकडा वर ओढला जात होता. मुलाची मुळातली तयारी घे: तयारी चांगली तर टक्के जास्त, पण ट्यूशन कमी. अधिक गुणिले उणे, आकडा खाली. दोघं विरुद्ध दिशांना ओढत होते. तू वर ओढणाऱ्याला बाजूला केलंस, खाली ओढणारा तसाच राहिला. −१.३चे −१.७ बहुधा यामुळेच झाले. सरांनी सुचवलेले कंट्रोल वाईट नाहीत, पण त्यांनी चिन्ह फिरावं असं काही कारणच नव्हतं.

आणि हा प्रश्न तू बडोद्यात बसून विचारते आहेस, याची मला गंमत वाटली. २००१ ते २००३ या काळात आपल्याच म्युनिसिपल शाळांमध्ये, आणि मुंबईतही, 'प्रथम' संस्थेचा बालसखी कार्यक्रम तपासला गेला होता. वर्गातली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोनेक तास वेगळी बसवायची आणि आसपासच्याच एखाद्या तरुणीने त्यांचं वाचन आणि हिशेब पक्के करून घ्यायचे. म्हणजे ट्यूशनच, फक्त शाळेत आणि फुकट. आता बघ, बालसखीकडे गेलेल्या मुलांची न गेलेल्यांशी तुलना केली असती तर तुझ्यासारखंच उणे आलं असतं, कारण कच्ची होती म्हणूनच तर ती पाठवली होती. संशोधकांनी तसं केलंच नाही. बडोद्यातल्या शाळांचे त्यांनी यदृच्छेने दोन गट पाडले. एका गटाला पहिल्या वर्षी तिसरीसाठी बालसखी, दुसऱ्या गटाला चौथीसाठी, आणि पुढच्या वर्षी अदलाबदल. त्यामुळे कुठल्या मुख्याध्यापकाला "आम्हाला काहीच नाही?" म्हणायला जागा उरली नाही, आणि एका गटाची तिसरी दुसऱ्या गटाच्या तिसरीशी ताडून बघता आली. तीही अख्खा वर्ग, हुशार मुलांसकट. दुसऱ्या वर्षी वर्गाची सरासरी ०.२८ स्टँडर्ड डेव्हिएशनने (मुलामुलांच्या गुणांत एरवी जो फरक असतो त्याच्या पावाहून थोड्या जास्त भागाने) वर गेली, आणि ती मुख्यतः तळाच्या मुलांमुळे. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने फायदा ०.१०च्या आसपास उतरला, तेही त्यांनी छापलं. निबंध २००७चा. लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९चं नोबेल मायकेल क्रेमरबरोबर मिळालं. एकट्या या अभ्यासासाठी नव्हे, अर्थात.

तुला सोडत काढता येणार नाही. पण एक तपासणी घरबसल्या होईल. आठवीचे टक्के मिळव. समीकरणात डावीकडे दहावीऐवजी आठवीचे टक्के ठेव, उजवीकडे दहावीतले ट्यूशनचे तास तसेच. दहावीची ट्यूशन मागे जाऊन आठवीचा निकाल बदलू शकत नाही. तरीही आकडा उणे आला, तर तुझा −१.७ कुठून येतोय ते सरांना वेगळं समजवावं लागणार नाही.

रावपुऱ्याची:
काका, मिळाले! सगळ्यांचे नाहीत. आठवी इथे प्राथमिकमध्ये धरतात, नववीला शाळा बदलते, त्यामुळे बऱ्याच घरी जुना निकाल सापडेना. ८८ मुलांचे हाती लागले. तुम्ही सांगितलं तसं चालवलं: −२.१. आठवीत असताना यांतल्या कित्येकांनी दहावीच्या ट्यूशनचा जिनाही पाहिला नसेल!

मग पुढे जाऊन आठवीचे टक्के कंट्रोल म्हणून टाकले. आता तासांचा कोएफिशिएंट −०.२, स्टँडर्ड एरर ०.४. म्हणजे ट्यूशनचा काहीच परिणाम नाही, असं लिहू ना?

सयाजीबाग_फेरी:
थांब जरा. मी हा विषय शिकवते, म्हणून मध्ये पडते.

−०.२ला ०.४ची स्टँडर्ड एरर, म्हणजे साधारण −१.० ते +०.६ यांतलं काहीही तुझ्या डेटाशी जुळतं. आठवड्याला चार तास ट्यूशन धरलीस तर एका टोकाला चार टक्के तोटा, दुसऱ्या टोकाला अडीच टक्के फायदा. याला "परिणाम नाही" म्हणत नाहीत, "या डेटावरून सांगता येत नाही" म्हणतात. पी-व्हॅल्यू (परिणाम नसतानाही योगायोगाने एवढा आकडा येण्याची शक्यता) मोठी दिसली की शून्य लिहून मोकळे होणारे पेपर मी ढिगाने तपासते.

दुसरं, आठवीचा कंट्रोल सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. पाचवीपासून ट्यूशनला जाणाऱ्या मुलाच्या आठवीच्या टक्क्यांत ट्यूशनचा परिणाम आधीच मुरलेला आहे. तो कंट्रोल करून तू जे मोजायला निघालीस त्यातलाच एक तुकडा काढून टाकतेस. ट्यूशन कोणत्या इयत्तेत सुरू केली हे प्रत्येकाला विचार, आणि आठवीनंतर सुरू करणाऱ्यांचं वेगळं चालव.

उलट बाजूचा धोकाही आहे. काही मुलं नेहमी ठीक असतात, एका परीक्षेत आपटतात, आणि घाबरून घरचे ट्यूशन लावतात. अशांचे टक्के ट्यूशन नसती तरी थोडे सावरलेच असते, आणि श्रेय मात्र ट्यूशनला गेलं असतं. अतिउंच आईबापांची मुलं सरासरीकडे परततात, हे गाल्टनने १८८६मध्ये उंचीच्या आकड्यांवर दाखवलं, हे त्याच जातीचं. अर्थतज्ज्ञ ॲशनफेल्टरला १९७८मध्ये रोजगार प्रशिक्षणाच्या आकड्यांत हेच दिसलं: प्रशिक्षणाला येण्याच्या आधीच लोकांची कमाई घसरलेली होती. त्यामुळे दहावीतून आठवी वजा केली की काम झालं, असं समजू नकोस.

शाळा पाचच आहेत, तर शाळेच्या डमी (प्रत्येक शाळेसाठी ०/१चा रकाना) घाल. शाळेनुसार क्लस्टर करून (एका शाळेची मुलं एक गट धरून) स्टँडर्ड एरर काढायचा मोह होईल, पण पाच क्लस्टरवर तो आकडा भरवशाचा नसतो. आणि ४४ मुलांचे निकाल मिळाले नाहीत, ती कोणती मुलं? त्या ८८ मुलांवर जुनं, आठवी नसलेलं मॉडेलही चालवून शेजारी ठेव, नाहीतर फरक कंट्रोलने पडला की मुलं गळाल्याने, हे कोणालाच कळणार नाही.

मकरपुरा_शिफ्ट:
बाईंचं सगळं मान्य, फक्त एक सुचवतो. एवढ्या डेटावर ट्यूशनचा परिणाम धरायचा हट्टच का? प्रश्न फिरव: ट्यूशन कोण लावतं? डावीकडे तास, उजवीकडे आठवीचे टक्के, उत्पन्न, आईचं शिक्षण, मुलगा की मुलगी. याचं उत्तर तुझ्या १३२ (बरं, ८८) मुलांत खरोखर आहे. त्याच टक्क्यांवर असलेल्या मुलीला मुलापेक्षा कमी तास मिळतात का, एवढं जरी दिसलं तरी मला वाचायला आवडेल.

सयाजीबाग_फेरी:
हे चांगलं आहे. त्यात "परिणाम" शब्द मात्र कुठेही येऊ देऊ नकोस.

रावपुऱ्याची:
सुरुवात कोणत्या इयत्तेत, हे विचारायला आज परत फोन केले. दोन मावशांनी "किती विचारतेस गं" म्हणून ठेवून दिला. मुलगा-मुलगी माझ्याकडे आधीपासून आहे, रात्री चालवते.

सरांना आठवीचं टेबल दाखवलं. थोडा वेळ बघत बसले, मग म्हणाले, "छान आहे, परिशिष्टात टाक."

मकरपुरा_शिफ्ट:
परिशिष्टात नको. तेच टेबल एक कर, −१.७ टेबल दोनमध्ये जाऊ दे.