युगांडातला ऊस : झोनबंदी कुणाच्या भल्याची?

नाईलकाठी :
युगांडातल्या जिंजाला तीन वर्षं एका साखर कारखान्यात मेंटेनन्सला होतो. नाव राहू दे. युगांडाच्या २०१० च्या साखर धोरणात दोन कारखान्यांत २५ किलोमीटर अंतराची अट होती. पुढे खासदारांनी साखर विधेयकातून झोनची, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यातला ऊस त्याच कारखान्याला घालायची, तरतूद वगळली, तर झोन हवा म्हणून अध्यक्ष मुसेवेनींनी विधेयकच परत पाठवलं. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. बेणं, खत, नांगरट सगळं उधारीवर एकानं द्यायचं आणि ऊस जायचा शेजारच्याकडे! हुकूमशहा इदी अमीननं १९७२ मध्ये आशियाईंना ९० दिवसांत हाकललं, त्यानंतर जिंजाजवळचा काकिराचा साखर कारखाना पार बसला. त्याचे मालक, भारतीय वंशाच्या माधवानींनी १९८५ मध्ये परत येऊन तो उभा केला. एवढा पैसा ओतणाऱ्याला उसाची हमी नको?

गव्हाण :
हे सगळं कुठंतरी ऐकलंय बुवा. आपल्याकडचे कारखानदार झोनबंदीसाठी हेच सांगायचे, आणि ती उठावी म्हणून शेतकरी संघटना रस्त्यावर उतरली होती. एकच सांगा, तोडलेला ऊस तिथं किती दिवस पडून राहायचा?

नाईलकाठी :
खोटं कशाला बोलू, कधी कधी चार दिवस. कांड्यांची टोकं लाल पडायची, ट्रॉलीजवळ गेलं की आंबूस वास. वजन घटायचं ते शेतकऱ्याचं, कारण काटा आमच्या फाटकात.

गव्हाण :
मग झालं की! झोन असला तर पाचव्या दिवशी शेतकरी ऊस घेऊन जाणार कुठं? ऊस बांधून घ्यायचा तर कारखान्यानंही स्वतःला बांधून घ्यावं. आपल्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. पाळतात किती ते सोडा, भांडायला कागद तरी आहे.

नाईलकाठी :
शेजारच्या केनियात मुमियास साखर कारखान्याचं काय झालं? बाकीच्यांनी ऊस पळवला आणि २०१९ मध्ये बँकेनं प्रशासक बसवला.

गव्हाण :
उलटं सांगताय. मुमियास कर्ज आणि गैरकारभारानं आतून पोखरला होता. शेतकऱ्यांची बिलं थकली. पैसे न देणाऱ्याच्या दारात ऊस कोण घालणार?

कोरडवाहू :
तुम्ही दोघं दरावरच अडलात. जिंजाच्या भागातल्या, बुसोगातल्या दीड-दोन एकरवाल्यानं सगळं रान उसाला दिलं तर घरात शिजवायचं काय? लागणीचा ऊस दीड वर्ष उभा, तोवर पोशोचं (मक्याचं) पीठ आणि रताळी विकत. शिवाय उसाला जमीन कुठवर पुरणार? २००७ मध्ये लुगाझीच्या कारखान्याला माबिरा जंगलातलं सुमारे ७,१०० हेक्टर द्यायचं घाटत होतं. कंपालात दंगल पेटली, एका भारतीयाचा जीव गेला. कारखान्याचे मालक भारतीय वंशाचे मेहता, म्हणून वाटेनं जाणारा कुणीतरी मारला गेला. तुमच्या हमीच्या हिशेबात हे कुठं बसतं?

नाईलकाठी :
माबिराचं समर्थन मी तेव्हाही केलं नव्हतं. पण ऊस बंद करून तिथला माणूस मुलांची फी कशातून भरणार? मका विकून? खोडव्याचे पैसे आले की पोरं शाळेत दिसायची, हे मी पाहिलंय. झोन हवाच. फक्त काटा कारखान्याच्या फाटकात नको, तिसऱ्या कुणाच्या तरी हातात हवा, आणि तोडीपासून तीन दिवसांत ऊस उचलला नाही तर शेतकरी मोकळा.

गव्हाण :
तीन नाही, दोन. मग बोलू.