मदत हवी आहे : 'वासा' जहाज बुडालं, त्यासाठी गलबतवाल्यांचे शब्द

स्वीडनचं 'वासा' हे युद्धजहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोममध्ये पहिल्याच सफरीत जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडालं. आठवीच्या मुलांसाठी त्यावर मराठीत लिहितोय. वरचा भार जास्त होता. वाऱ्याने जहाज कललं आणि तोफांच्या खालच्या रांगेच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरलं. (आधी ३० खलाशांना डेकवर पळवून चाचणी घेतली, जहाज भयंकर डोललं म्हणून ती थांबवली. तरीही सोडलंच!)

बॅलास्टसाठी (जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी भरतात ते वजन) कोशात 'नीरम' मिळाला. तोफेचा झरोका आणि कललेलं जहाज परत सरळ न होणं, या दोन्हींना शब्द सापडेना. संस्कृत प्रतिशब्द नकोत. रत्नागिरी-मालवणकडे शिडाच्या गलबतांवर काय म्हणायचे?