मदत हवी आहे : केल्टिक धाटणीच्या रानातल्या गावात माणसं रोज भेटतात कुठे?

नमस्कार मंडळी,

दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी एक अद्भुतकथा लिहितेय. गाव काल्पनिक आहे, ओकच्या दाट रानातलं. नमुना म्हणून डोळ्यांसमोर सातव्या-आठव्या शतकातला आयर्लंड ठेवलाय आणि थोडं स्कॉटलंड. सात प्रकरणं झाली, आठव्यावर महिनाभर अडकून पडलेय.

सणांचं काही अडत नाही. बेल्टनला, म्हणजे उन्हाळा सुरू होतो त्या सणाला, दोन आगट्यांमधून गुरं हाकायची, साविनच्या रात्री हिवाळा सुरू करायचा, हे सगळं लिहून झालंय. पण मोठे सण वर्षाला चार. बाकीचे दिवस ही माणसं एकमेकांना कुठे गाठतात? माझ्या कथेतल्या मुलीला एका म्हातारीकडून एक गुपित कळायचंय आणि ते रोजच्या कामाच्या ओघात, सहज कळायला हवं.

पहिल्या खर्ड्यात दोघींना झाडाखाली पारावर बसवलं. मैत्रीण म्हणाली, "अगं, हे माझं आजोळ आहे, नावं तेवढी बदललीस." तिचं बरोबर होतं. मग लाकडी बाकांचं मद्यालय घातलं. ते कॉम्प्युटर गेममधून उचलल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून काढून टाकलं.

वाचत गेले तेव्हा कळलं की घोळ मुळातच आहे. त्या काळच्या आयर्लंडमध्ये आपल्यासारखं गावठाण नव्हतंच. एकेक कुटुंब गोल मातीच्या बांधाआड राहायचं, आत घर आणि गुरं. त्याला राथ म्हणतात. शेजाऱ्याकडे जायचं तर मध्ये रान नाहीतर कुरण. डब्लिनसारखी शहरं नवव्या शतकात व्हायकिंग आल्यावर उभी राहायला लागली. मी चावडी शोधत होते, आणि चावडी तिथे नव्हतीच.

आतापर्यंत तीन जागा हाताला लागल्यात.

एक, ब्रीउगूचं घर. हा श्रीमंत यजमान. येईल त्याला जेवू घालणं हेच त्याचं काम, आणि कायद्याने त्याचा मान छोट्या राजाच्या बरोबरीचा. त्याच्या चुलीवरची कढई कधी उतरायची नाही. मद्यालयाच्या जागी हे मला फार आवडलंय.

दुसरी जागा पाणचक्की. उत्तर आयर्लंडमध्ये नेंड्रमच्या मठापाशी भरतीच्या पाण्यावर चालणारी चक्की सापडलीय, तिची लाकडं इ.स. ६१९ची निघाली. जुन्या कायद्यात एक सुंदर तरतूद आहे : चक्कीचा पाट ज्यांच्या जमिनीतून जातो त्यांना मोबदल्यात दळणाची पाळी मिळते, ठरलेल्या दिवसांची. पाळी आली की थांबणं आलं, आणि थांबलं की बोलणं आलंच.

तिसरी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरची. ही चाल बरीच अलीकडची, विसाव्या शतकापर्यंत टिकलेली, पण कथा अद्भुत आहे म्हणून मी घेतेय. नवं विणलेलं लोकरी कापड घट्ट व्हावं म्हणून ते शिळ्या मुतात भिजवायचं आणि फळीभोवती बसून बायकांनी तालात आपटायचं. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी पालुपद. कापड हातोहात फिरतं ते सूर्याच्या दिशेने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेने. हे वाचलं आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या कानात वाजायला लागल्या. दोन शेजारणींना घेऊन मी गच्चीवर जुनं ब्लँकेट (साध्या पाण्यात!) भिजवून पाटावर आपटून पाहिलं. पंधरा मिनिटांत कोपरापर्यंत चिंब झालो, खांदे भरून आले, आणि मुख्य म्हणजे ताल धरला की बोलताच येत नाही. गाणं संपून कापडाची घडी बदलेपर्यंत जो दम मिळतो त्यातच काय ते बोलायचं. म्हणजे लांबलचक गुपित इथे सांगता येणार नाही, फार तर एखादं वाक्य.

घरातल्या बैठकीबद्दलही सांगून ठेवते, कुणाला उपयोग होईल. इंग्लंडमध्ये हॅम्पशरला बटसर इथे १९७२पासून जुन्या पद्धतीची गोल घरं बांधून पाहतायत. कुडाच्या भिंती, वर शाकारलेलं उंच छप्पर, आणि धुराडं नाही. छपराला भोक ठेवलं तर हवा ओढली जाऊन ठिणग्या वर चढतात. धूर गवतातून आपोआप झिरपतो, तोवर वरच तरंगतो. म्हणून माणसं खाली, जमिनीलगत बसलेली बरी. मी दुसऱ्या प्रकरणात धुराडं बांधून बसले होते, ते पाडलं.

आता प्रश्न :

उत्तराखंड-हिमाचलमधले घराट, म्हणजे तिथल्या पाणचक्क्या, नेंड्रमच्या चक्कीसारख्याच आडव्या चाकाच्या. ट्रेकला गेलेल्यांपैकी कुणी चालू घराटात बसलंय का? आत आवाज कसा असतो? दोघींना हळू आवाजात बोलता येईल का?

घोंगडी विणणाऱ्यांच्या घरातलं कुणी आहे का इथे? घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात ते मला माहीत आहे. पण लोकर भिजवून, बडवून घट्ट करायला तुमच्याकडे काही शब्द आहे का?

आणि राथ हा शब्द तसाच ठेवू की मुलांसाठी 'वाडगं' (गुरांचं कुंपण घातलेलं आवार) म्हणू?

*

भर, रात्री उशिरा : घराटबद्दल ज्यांनी लिहिलंत त्यांचे मनापासून आभार, माझं आठवं प्रकरण सुटलं. धान्याच्या टोपलीला बांधलेली काठी फिरत्या दगडावर टेकलेली असते, तिच्या हादऱ्याने दाणे खाली पडत राहतात, ही टकटक मला कुठल्याच पुस्तकात ऐकू आली नसती. टोपली रिकामी झाली की दगडाचा आवाज खरखरीत होतो, हेही तुम्हीच सांगितलंत. आता म्हातारी बोलत असताना आवाज बदलतो, ती अर्ध्या वाक्यात उठते आणि दगडावर दगड घासायच्या आत पाणी वळवायला बाहेर पळते. परत येते तेव्हा पुढच्या घरची पाळी लागलेली असते, दारात माणसं उभी असतात. उरलेलं अर्धं वाक्य मुलीला कापड आपटताना, दोन गाण्यांच्या मधल्या दमात मिळेल.

'वाडगं' दोघांना आवडलं, पण राथच ठेवतेय. पहिल्यांदा येईल तिथे मातीचा बांध नीट दाखवीन.

लोकर बडवण्याचा शब्द मात्र अजून हवाच आहे.